समृद्धीवरून नागपूरला जायचंय, ४बाय४ च्या टायरचं तापमान किती झालं की थांबायचं?

कोलशेतकर_४बाय४

नमस्कार मंडळी. गाडी डिझेल, पार्ट टाईम ४बाय४, २०१९ ची. टायर ऑल टेरेन २३५/७० आर १६, चारही दीड वर्षापूर्वी नवीन घातलेत. पुढच्या शनिवारी भाचीचं लग्न आहे नागपूरला, ऐन मे महिन्यात, गाडीत आई, बाबा, बायको, मुलगी आणि मी, वर कॅरिअरवर बॅगा, आमण्याला समृद्धी पकडायची ती थेट शेवटपर्यंत ७०१ किलोमीटर. आई दोन महिने समृद्धीवर टायर फुटल्याच्या बातम्या वाचतेय आणि रोज एकदा तरी विचारते की ट्रेनने जाऊया का, म्हणून मी ते व्हॉल्वच्या टोपीच्या जागी बसणाऱ्या सेन्सरवालं टीपीएमएस (टायरमधल्या हवेचा दाब आणि तापमान स्क्रीनवर दाखवणारं) लावून घेतलं, म्हणजे तिला पण समोर आकडे दिसतील. पण आता ते आकडे बघून मलाच काळजी लागली आहे.

काल सकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये टायर पूर्ण थंड असताना हातगेज लावून चारही ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) केले, तेव्हा बाहेर २८ डिग्री होतं. मग ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रोड, पुढे पाम बीच, बेलापूरहून परत, साधारण दीड तास. घरी पोचलो तेव्हा पुढचा डावा ४०.५ पीएसआय आणि ६६ डिग्री, बाकीचे तिन्ही ३७ च्या आसपास आणि ४७ ते ४९ डिग्री. अलार्म ७० ला सेट होऊन आलाय. म्हणजे गाडीत मी एकटा, सकाळची वेळ, ७० च्या वर स्पीड नाही, तरी एक टायर अलार्मच्या तोंडाशी. पाच माणसं, सामान आणि विदर्भातलं ऊन असलं की काय होणार?

घोडबंदर रोडला टायरवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला गरम झाल्यावर हवा वाढतेच, लांब जाताना २८ च ठेवा, आणि नायट्रोजन भरून घ्या मग वाढणारच नाही. ऑफिसातला एक जण म्हणतो ६० च्या वर गेलं की थांबून थोडी हवा काढायची. नक्की आकडा कोणता धरायचा ते कोणीतरी नीट सांगा प्लीज.

ऐरोली_सेक्टर८

दादा पहिली गोष्ट, गरम टायरमधून हवा काढायची नाही, कधीच नाही. जो वाढलेला प्रेशर आहे तो टायर स्वतःला सांभाळतोय त्याचा भाग आहे, तो काढलास की टायर आणखी दबणार, जास्त दबला की जास्त वाकणार आणि त्याने आणखी तापणार. मग तू परत थांबून परत काढणार. आणि संध्याकाळी गाडी थंड झाली की बघशील तर २७-२८ वर आलेलं असेल, दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच निघालास तर काम झालं. २८ ठेवायचा सल्ला पण त्याच जातीचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे त्यावर रिकाम्या गाडीचा आणि फुल लोडचा वेगळा आकडा असतो, तुला फुल लोडचा धरायचाय, आणि तो थंड टायरचा आकडा आहे, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चालवलेली असताना.

नायट्रोजनचं म्हणशील तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच फुगतात, ओलावा कमी असतो इतकाच फायदा. भरायचं तर भर, पण त्यावर भरवसा ठेवून आकडे बघायचं सोडू नकोस.

रबरवाली_रबाळे

मी रबाळे एमआयडीसीत रबर कंपाउंडच्या लॅबमध्ये १९ वर्षं काढली आहेत, त्यामुळे हा प्रश्न बघून राहवलं नाही, जरा मोठं लिहिते.

टायर रस्त्याला घासून तापतो असं सगळ्यांना वाटतं पण मुख्य उष्णता तिथून येत नाही. टायरचा जो भाग खाली येतो तो दबतो, वर गेला की परत सरळ होतो, आणि रबर हे स्प्रिंगसारखं घेतलेली सगळी शक्ती परत देत नाही, त्यातली थोडी आतच उष्णता होऊन राहते. तुझ्या साईझच्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या जरा वर आहे, म्हणजे १०० च्या स्पीडला तो मिनिटाला ७०० च्या वर फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत एकदा दबून उघडतो. हवा कमी असली किंवा वजन जास्त असलं की हे दबणं वाढतं, स्पीड वाढला की दबायची संख्या वाढते, आणि कमी हवा, वजन, स्पीड हे तिन्ही एकत्र आले की समृद्धीच्या बातम्यांमध्ये जे वाचतो ते होतं. ऊन त्यात भर घालतं, पण सुरुवात उन्हापासून होत नाही.

दुसरं म्हणजे रबर उष्णता बाहेर सोडायला फार वेळ लावतं. म्हणून टायरचा सगळ्यात गरम भाग वरून दिसतच नाही, तो असतो खांद्याच्या आत, जिथे स्टीलच्या पट्ट्यांची कड संपते तिथे. तुमच्या ऑल टेरेन आणि मड टेरेनची नक्षी जाड असते त्यामुळे तिथली उष्णता आणखी कोंडते. काही लोक लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन घेऊन ट्रेडवर, म्हणजे नक्षीच्या वरच्या भागावर मारतात आणि ५५ आलं की खुश होतात, पण वरचा थर गाडी थांबता थांबताच थंड व्हायला लागलेला असतो. गन मारायचीच तर खाचेच्या तळाशी आणि खांद्याजवळ मारा, आणि चारही चाकांना एकाच जागी, लगेच.

आता आकडा. कारखान्यात टायरचं रबर गंधक घालून साधारण १५० ते १७० डिग्रीला शिजवतात. चालू टायरमध्ये रबर १२० च्या आसपास पोचलं की त्याची ताकद उतरायला लागते, रबर आणि स्टीलच्या तारेची पकड सैल होते, आणि तिथून पट्टा सुटायला सुरुवात होते. हे १२० रबरातलं आहे, तुझ्या स्क्रीनवरचं नाही. आतली हवा त्या सगळ्यात गरम जागेपेक्षा थंड असते, आणि तुझा सेन्सर तर व्हॉल्वच्या टोकाला, बाहेर वाऱ्यात, तो हवेपेक्षाही कमी दाखवतो. म्हणून ७० चा अलार्म कोणी उगाच घाबरवायला ठेवलेला नाही. मी माझ्या गाडीत तसल्याच सेन्सरवर ६० पर्यंत निवांत असते, ६५ ला स्पीड कमी करते, ७० ला थांबते. हा माझा स्वतःचा नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नाही.

पण दादा, तुझ्या आकड्यांतून आतल्या हवेचं तापमान काढता येतं, सेन्सरवर अवलंबून राहायची गरज नाही. थंड ३३ पीएसआय अधिक वातावरणाचे १४.७ म्हणजे ४७.७, तेव्हा तापमान २८ डिग्री म्हणजे ३०१ केल्विन. बाकीच्या तिघांचं ३७ अधिक १४.७ म्हणजे ५१.७. भागाकार करून ३०१ ने गुणलं की ३२६ केल्विन, म्हणजे ५३ डिग्री. एकदम नॉर्मल. पुढच्या डाव्याचं ५५.२, त्याचे येतात ३४८ केल्विन, म्हणजे ७५ डिग्री. सेन्सर ६६ म्हणतोय आणि आत ७५ आहे. एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर, २२ डिग्रीचा फरक. मला तर आकड्यापेक्षा हा फरकच जास्त खटकतोय.

कळंबोलीचे_काका

ताईंनी शेवटी जे लिहिलं ते मी सुरुवातीला लिहिलं असतं. बाळा, ३० वर्षं ट्रकच्या ताफ्याचं मेंटेनन्स बघितलं, कळंबोली ते पार इंदूर नागपूर. आमच्याकडे ना टीपीएमएस होतं ना गन, ड्रायव्हर उतरला की पहिलं काम म्हणजे सगळ्या चाकांना हाताची मागची बाजू लावत एक चक्कर मारायची. किती गरम आहे हे कोणी विचारायचं नाही, कोणतं वेगळं आहे तेवढंच सांगायचं. चारही सारखे तापले तर हवा, लोड, स्पीड, ऊन. हवा सारखी असून एकच तापला तर दोष बहुतेक टायरचा नसतो, चाकाचा असतो.

तुझा एकच पुढचा डावा तापतोय आणि हवा चारही सारखी भरलेली होती, म्हणजे उष्णता बाहेरून टायरमध्ये येतेय. माझ्या मते ब्रेक पकडून बसलाय. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना सुकल्या असतील, नाहीतर पिस्टन परत जात नसेल, कधी कधी ब्रेकचा रबरी होज आतून फुगतो आणि तेल परत सोडत नाही. तसं नसेल तर बेरिंग. डिस्क तापते, ती रिम तापवते, रिम हवा तापवते. अजून एक चक्कर मार, उतरल्यावर लगेच चारही रिमच्या जवळ हात ने, लावू नकोस, चटका बसेल, नुसता जवळ ने. पुढचा डावा भट्टीसारखा लागला तर टायरवाल्याकडे नाही, ब्रेकवाल्याकडे जा. जॅक लावून चाक हाताने फिरवून बघ, उजव्याशी तुलना कर. आणि तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नकोस, डिस्क वाकडी होते.

लग्नाआधी कर हे. नंतर नाही.

चिखलवेडा_पनवेल

एक शंका, ४ हाय मध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोडमध्ये तर नव्हतास ना? पार्ट टाईमवाल्यात पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारा मधला डिफरेन्शिअल नसतो, कोरड्या डांबरावर ४ हाय टाकून फिरलं की पुढची आणि मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापायला बघतात आणि गाडी त्यांना कापू देत नाही, मग टायर रस्त्यावर फरफटतात. आमच्या ग्रुपमध्ये एकाने पावसात माळशेजला ४ हाय टाकलं आणि घाट उतरून मुरबाडपर्यंत कोरड्या रस्त्यावर तसाच आला, टायरला जळका वास येत होता.

अर्थात त्यात एकच चाक तापणार नाही, म्हणजे काकांचंच बरोबर वाटतंय. तरी विचारून ठेवलं.

आणि ऑफरोडवाल्यांसाठी सांगतो, वाळू-चिखलात आपण १६-१८ पर्यंत हवा उतरवतो, तिथे ते बरोबर आहे, ३० च्या वर स्पीड नसतो. पण डांबरावर आलं की कॉम्प्रेसर काढून हवा भरल्याशिवाय पुढे जायचं नाही. "पुढच्या पंपावर भरू" म्हणून २० किलोमीटर ८० ने गेलेल्या टायरची साईडवॉल आतून मेलेली असते, बाहेरून काहीच दिसत नाही, तीन महिन्यांनी हायवेवर फुटतो आणि आपण म्हणतो टायरच खराब होता.

वाशीकर_निवांत

मला वाटतं सगळे मूळ कारण सोडून बोलताय. समृद्धीचा रस्ता काँक्रीटचा आहे हेच कारण आहे. काँक्रीट तापतं आणि टायर फुटतात. आमचे शेजारी तर जुन्या रस्त्यानेच जातात.

रबरवाली_रबाळे

वाशीकर, काँक्रीट खरबरीत असतं आणि टायर जरा लवकर झिजवतं हे मान्य. पण उन्हात काळं डांबर काँक्रीटपेक्षा जास्त तापतं, दुपारी दोन्हीवर हात ठेवून बघा. फरक रस्त्याच्या जातीत नाही, रस्ता किती मोकळा आहे त्यात आहे. जुन्या रस्त्यावर दर पंधरा मिनिटांनी गाव, सिग्नल, ट्रकच्या मागे रांगणं, टायरला दम खायला मिळतो. समृद्धीवर १२० ची लिमिट आहे आणि लोक दोन-दोन तास १२० ला धरून ठेवतात, टायरला पूर्ण तापायला एक तास पुरतो. २६ पीएसआयवर ठाण्यात वर्षभर चालणारा टायर तिथे पहिल्यांदा खऱ्या परीक्षेला बसतो.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. फोर्ड एक्सप्लोरर ही एसयूव्ही, त्यावर फायरस्टोनचे टायर, त्यांचे पट्टे सुटून गाड्या उलटत होत्या आणि अपघात जास्त करून गरम राज्यांत. फोर्डने २६ पीएसआय सांगितलेलं, फायरस्टोन नंतर म्हणत होती ३० हवं. टायरमध्ये दोष होता की हवा कमी होती की गाडीच उलटण्याजोगी होती यावर दोघांची खूप भांडणं झाली. ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत बोलावले, तोवर बरीच माणसं गेली होती. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि पुढे नवीन गाड्यांना टीपीएमएस सक्तीचं झालं. पण त्या नियमात दिवा लागतो तो हवा २५ टक्के कमी झाल्यावर. ३३ चे २५ टक्के धरा, म्हणजे पार २५ वर येईपर्यंत दिवा गप्प. म्हणून दिवा लागला नाही म्हणजे हवा बरोबर आहे असं समजू नका, सकाळी गेज लावा.

ऐरोली_सेक्टर८

ऑस्ट्रेलियातले ४बाय४ वाले एक सोपी पद्धत वापरतात ती पण सांगून ठेवतो. थंड प्रेशर लिहून ठेवायचा, तासभर हायवेला चालवायचं, थांबून बघायचं. साध्या टायरला साधारण ४ पीएसआय वाढला पाहिजे, एलटी म्हणजे लाईट ट्रकवाल्या जाड टायरला ६ पर्यंत. त्यापेक्षा जास्त वाढला म्हणजे टायर जास्त दबतोय, दुसऱ्या दिवशी थंड असताना थोडी हवा वाढवायची. कमी वाढला तर थोडी कमी करायची. आपल्याकडे पहाटे २८ आणि दुपारी ४३ असं असेल तर नुसत्या उन्हानेच दोन-अडीच पीएसआय वाढतात, ते वजा धरायचे.

साईडवॉलवर टेम्परेचर लिहून पुढे ए, बी किंवा सी असतं ते पण बघ. ए म्हणजे ताशी १८५ किमीच्या वरच्या स्पीडची उष्णता सोसतो, बी १६० ते १८५, सी त्याच्या खालचा. पण ती टेस्ट बरोबर हवा आणि बरोबर वजन असताना केलेली असते, आणि एलटी टायरवर हे अक्षर नसतं, त्यामुळे सापडलं नाही तर घाबरू नकोस.

कोलशेतकर_४बाय४

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, अपडेट देतो. ४ हाय मध्ये नव्हतो. काकांनी सांगितलं तसं काल परत चक्कर मारून आलो आणि पुढच्या डाव्या रिमजवळ हात नेला तर नेववत नव्हता, उजवीकडे नुसतं कोमट. आज सकाळी वागळे इस्टेटला माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. कॅलिपरच्या दोन्ही पिना गंजून जाम, आतलं पॅड जवळपास संपलेलं, बाहेरचं अर्धं शिल्लक. पिना साफ करून ग्रीस, नवीन रबर बूट, पॅड दोन्हीकडचे नवीन. संध्याकाळी तोच रस्ता, पुढचा डावा ३७, ४९ डिग्री. बाकीच्यांसारखाच. गेल्या पावसाळ्यात मुंब्रा बायपासला गुडघाभर पाण्यातून गाडी काढली होती, मेकॅनिक म्हणतो तिथूनच सुरू झालं असेल.

आता एकच प्रश्न, हा टायर इतके महिने असा भाजत होता, तो वापरू का? स्टेपनी आहे, कधीच न वापरलेली.

कळंबोलीचे_काका

शाब्बास. स्टेपनीवरची तारीख वाच आधी. साईडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल.

कोलशेतकर_४बाय४

०८१९ आहे काका.

रबरवाली_रबाळे

म्हणजे २०१९ चा फेब्रुवारी. सात वर्षं झाली. नक्षी नवीन दिसत असेल पण रबर पडून पडून पण म्हातारं होतं, मागच्या दाराला टांगलेल्या स्टेपनीवर तर रोजचं ऊन. पंक्चर झाल्यावर जवळच्या दुकानापर्यंत हळू जायला चालेल, ७०१ किलोमीटर पाच माणसं घेऊन नाही. आणि भाजलेला टायर रिमवरून उतरवून आतून बघितल्याशिवाय मी तरी घालणार नाही. आतून बघितलं तरी पट्ट्यांमधलं काही दिसत नाही.

चिखलवेडा_पनवेल

दोन नवीन घे, एक नको. एका ॲक्सलवर जुना-नवा मिसळला की घेर वेगळा होतो आणि त्या ॲक्सलच्या डिफरेन्शिअलला त्रास. नवीन दोन मागे, मागचे दोन चांगले पुढे आण, पुढचा उजवा स्टेपनीला. भाजलेला भंगारात.

कोलशेतकर_४बाय४

जाऊन आलो मंडळी, कालच. चिखलवेडा म्हणाला तसंच केलं, खर्च झाला पण आईला सगळं दाखवलं, जुना टायर पण दाखवला, मग तिने ट्रेनचा विषय काढला नाही.

पहाटे साडेपाचला निघालो, स्टिकरप्रमाणे फुल लोड, थंड पुढे ३४, मागे ३७. साडेबाराला कारंज्याच्या आसपास बाहेर ४३, स्पीड ९५ ते १००, पुढचे ३९, मागचे ४२.५, स्क्रीनवर ५२ ते ५५ डिग्री, चारही सारखे. पुढे वर्ध्याच्या बाजूला मेव्हणा आम्हाला घ्यायला आला होता, त्याने गाडी चालवायला घेतली आणि ११८ ला धरून ठेवली, अर्ध्या तासात मागचे दोन्ही ६० ला गेले. आईच म्हणाली, अहो आकडा वाढतोय, हळू घ्या. ९५ वर आणल्यावर वीस मिनिटांत ५५ ला उतरले. दर दोन तासांनी थांबत होतो आणि बाबा खाली उतरून काकांसारखी चारही चाकांना हाताची मागची बाजू लावत चक्कर मारायचे.

येताना इगतपुरीच्या पुढे उतार लागल्यावर गाडी खालच्या गिअरला ठेवली, ब्रेक कमी वापरला, तरी पुढचे दोन्ही तीन-चार डिग्रीने वाढले, पण सारखेच वाढले. आमण्याला उतरलो तेव्हा डावा ५४, उजवा ५३.

मेकॅनिकने दोन महिन्यांनी पावसात कॅलिपर परत दाखवून जा म्हटलंय, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.